मांजरीच्या हनुवटीवरची मुरुमे आणि आपल्या कपाटातली मलमे

मागच्या पावसाळ्यात एक ताई सुजलेला हात घेऊन दवाखान्यात आल्या. अंगठ्याच्या खाली दातांच्या दोन बारीक खुणा, भोवती लाली आणि मनगटापर्यंत सूज. चावून पुरता एक दिवसही झाला नव्हता. कोण चावलं, असे विचारले तर ओशाळून म्हणाल्या, "आमची मनीच. तिच्या हनुवटीवर मुरुमं आलीत, ती मी दाबून काढत होते." मग दुसऱ्या हाताने मोबाईल पुढे केला. "डॉक्टर, तिला लावायला एखादं मलम पण लिहून द्या ना. मुलीची पिंपल्सची ट्यूब लावली चार दिवस, पण उलट वाढलंय."

मी मलम लिहून दिले नाही. ताई जरा नाराज झाल्या. "साधी मुरुमंच तर आहेत!" असे म्हणाल्या. गैरसमज नेमका त्या एका शब्दात आहे, म्हणून हा लेख.

मांजरांना हनुवटीवर आणि ओठांच्या कडेला मुरुमे येतात, हे खरे आहे. इंग्रजीतही त्याला ॲक्नेच म्हणतात. पण नाव सारखे म्हणजे आजार सारखा नव्हे. आपल्या मुरुमांमागे मुख्यतः वयात येतानाचे हार्मोन्स असतात, म्हणून तर आपण त्यांना तारुण्यपीटिका म्हणतो. मांजरीत तसे काही नाही. सहा महिन्यांच्या पिल्लाला होतात, बारा वर्षांच्या आजीबाईलाही होतात. नर असो की मादी, नसबंदी झालेली असो की नसो. मांजरीच्या हनुवटीत तेलग्रंथी दाटीने असतात. ती तुमच्या पायाला, दाराच्या चौकटीला हनुवटी घासते ना, तेव्हा या ग्रंथींमधला स्वतःचा वास तिथे लावून ठेवत असते. याच जागी केसांच्या मुळाशी तेल आणि मृत त्वचा साचून बूच बसते. हे नेमके कशामुळे होते, ते वैद्यकाला अजून पक्के ठाऊक नाही. प्लास्टिकच्या भांड्यांवर संशय घेतला जातो, पण तो सिद्ध झालेला नाही. तरी भांडे बदलायला खर्च तो कितीसा? स्टीलची किंवा काचेची उथळ वाटी घ्या आणि रोज घासा.

आता ओळखायचे कसे? सुरुवातीला हनुवटीवर कोणी मिरपूड किंवा कॉफीची भुकटी भुरभुरल्यासारखे काळे कण दिसतात. बहुतेकांना ती घाण वाटते, आणि पुसली तर जात नाही. पिसवांच्या विष्ठेचे कणही अगदी असेच दिसतात. फरक घरीच कळतो. ओल्या पांढऱ्या टिश्यू पेपरवर ते कण ठेवा. भोवती तांबूस डाग पसरला तर ते पिसवांनी प्यालेले रक्त आहे, मुरूम नाही. नुसते काळे ठिपके असतील, मांजर जेवत-खेळत असेल, खाजवत नसेल, तर सहसा घाबरण्यासारखे काही नसते. अनेक मांजरी असे ठिपके वर्षानुवर्षे बाळगतात आणि त्यांना त्याचे काही वाटत नाही. आपल्यालाच ते बघवत नाहीत.

पण लाल पुटकुळ्या, पू, रक्त, खपल्या, हनुवटीला सूज किंवा हात लावू न देणे, यांपैकी काही दिसले तर आत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. हनुवटीवरचे सगळे मुरूमच असते असेही नाही. गजकर्ण, त्वचेतले सूक्ष्म किडे, ॲलर्जीमुळे सुजलेली हनुवटी, म्हाताऱ्या मांजरीत क्वचित गाठ, हे सगळे फोटोत जवळपास सारखेच दिसते. पशुवैद्य केस उपटून आणि त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. ते मला मोबाईलवर कसे दिसणार?

उपचार ऐकून तुमची निराशा होईल, इतके ते साधे आहेत. सौम्य प्रकारात कोमट पाण्यात भिजवून पिळलेला मऊ कापड काही मिनिटे हनुवटीला हलकेच धरायचा, मग कोरडे पुसायचे. घासायचे नाही, दाबायचे नाही, नखाने तर मुळीच काढायचे नाही. दाबले की बूच आत फुटते आणि साधा ठिपका गळू होतो. वर काय होते ते ताईंच्या हाताने दाखवलेच. याच्या पुढचे, म्हणजे क्लोरहेक्सिडीनचे वाइप्स, जंतुनाशक मलम, खोल संसर्ग असेल तर काही आठवडे पोटातून अँटिबायोटिक, हे पशुवैद्याने ठरवायचे. हा त्रास पुन्हा पुन्हा होऊ शकतो. 'कायमचा बरा करा' हा हट्टच मांजरीला महागात पडतो.

कारण त्या हट्टापायी आपण आपले औषधांचे कपाट उघडतो. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मांजरीला स्वतःची हनुवटी चाटता येत नाही. ती पंजा ओला करते, पंजाने तोंड पुसते आणि मग तो पंजा चाटते. म्हणजे हनुवटीला लावलेले प्रत्येक मलम शेवटी तिच्या पोटात जाते.

आणि तिचे यकृत आपल्यासारखे नाही. बरीचशी औषधे आपले यकृत साखरेसारख्या एका रेणूला जोडून निरुपद्रवी करते आणि लघवीवाटे बाहेर टाकते. हे काम करणारी यंत्रणा मांजरीत फार तोकडी आहे. पॅरासिटामॉल हे याचे सर्वांत वाईट उदाहरण. "हनुवटी दुखत असेल बिचारीची" म्हणून दिलेली 500 मिलिग्रॅमची एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. असे घडले तर सकाळची वाट बघू नका. मुरुमांच्या फेसवॉशमध्ये असते ते सॅलिसिलिक ॲसिड ॲस्पिरिनच्याच कुळातले, आणि ते मांजरीच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. बेन्झॉइल पेरॉक्साइडची आपली जेल तिच्या त्वचेला भाजल्यासारखी झोंबते. ताईंच्या मनीचे 'उलट वाढलंय' बहुधा त्यातलेच. टी ट्री ऑइल 'नैसर्गिक' म्हणून विकले जाते, पण मांजर त्याने लडखडते, थरथरते. माणसांच्या खरजेचे परमेथ्रिनचे मलम तर तिला झटके आणते. खोबरेल विषारी नाही, पण आधीच तेलाने तुंबलेल्या जागी आणखी तेल कशाला?

एका प्राण्याचे औषध दुसऱ्याचे विष ठरते, हे आपल्या देशाला नवे नाही. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे, ती मेलेली गुरे खाऊन, आपली गिधाडे जवळजवळ संपली. 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली तेव्हा फार उशीर झाला होता. तेच डायक्लोफेनॅक मी माझ्या पेशंटना लिहून देतो.

आणखी एक ट्यूब जवळपास प्रत्येक घरात सापडते. स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक यांची मिसळ असलेली. 2018 मध्ये सरकारने अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, पण दुकानात कोण विचारतो? गजकर्णावर ही ट्यूब लावली की खाज थांबते, लाली जाते आणि बुरशी आत निवांत पसरते. आता समजा, मनीच्या हनुवटीवर मुरूम नसून गजकर्णच आहे. मुरुमे माणसाला लागत नाहीत, पण मांजरीचे गजकर्ण लागते. ती मुलाच्या कुशीत झोपते, मुलाच्या दंडावर गोल चट्टा उठतो, आणि आई एकच ट्यूब दोघांना लावते. दोन-तीन महिन्यांनी सगळे घर खाजवत माझ्याकडे येते. तेव्हा घरात मांजर आहे आणि कुणाच्या अंगावर गोल चट्टा आहे, तर तुमच्या डॉक्टरांना मांजरीबद्दल आपण होऊन सांगा. आम्ही विचारायला विसरतो, ही आमची चूक आहे.

"तुम्ही एमडी ना, मग एवढंसं सांगायला काय जातं?" हे मी बरेचदा ऐकतो. एमडीच्या तीन वर्षांत मांजर एकदाही शिकवली जात नाही. शिवाय 1984 च्या कायद्यानुसार नोंदणीकृत पशुवैद्याखेरीज कुणी जनावरांवर उपचार करणे बेकायदा आहे, आणि मला तो कायदा योग्य वाटतो. मुंबईत परळचे जनावरांचे हॉस्पिटल 1883 पासून आहे. गावाकडे गुरांच्या दवाखान्यात मांजर घेऊन जायला लोक लाजतात. का, ते मला अजून कळलेले नाही. तिथे बसलेला डॉक्टर मांजरही शिकलेला असतो.

माझे काम ताईंच्या हाताचे होते. मांजरीचे दात सुईसारखे असतात. जखम वरून टिंब दिसते, पण जंतू खोल जातात आणि बारा-चोवीस तासांत हात फुगतो. कुठलीही मांजर चावली, अगदी घरची असली तरी, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तेल काही भरू नका. लगेच डॉक्टरकडे जा. अँटिबायोटिक, धनुर्वाताची सुई आणि रेबीजची लस यांचा निर्णय तिथे होऊ द्या. "तिला लस दिली आहे" म्हणून स्वतःची टाळू नका.

ताईंचा हात आठवड्यात उतरला. मनीला त्यांनी पशुवैद्याकडे नेले. आत संसर्ग निघाला, पुसायला वाइप्स आणि पोटात घ्यायला औषध मिळाले. आता ती स्टीलच्या वाटीत जेवते. काळे ठिपके थोडे आहेतच, म्हणाल्या, पण आता त्या ते दाबत नाहीत.