विश्लेषण : ग्रामसभेचा ‘कोरम’ म्हणजे किती जण? लॅटिन शब्द गावच्या सभेत आला कुठून?

‘कोरम नाही, सभा तहकूब!’ भोकरदन असो की घनसावंगी, जालना जिल्ह्यातील ग्रामस्थांना हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही. सरकारी मराठीत याला ‘गणपूर्ती’ म्हणतात. बोलण्यात मात्र ‘कोरम’च रुळला. हा शब्द आला कुठून आणि तो पूर्ण न झाल्यास गावाचे काय नुकसान होते?

शब्दाचे मूळ काय?

‘कोरम’ लॅटिन आहे, पण मुळात ते नाम नसून सर्वनाम आहे. ‘जो’ या अर्थाच्या ‘क्वी’चे ते षष्ठीचे अनेकवचन. मूळ उच्चार ‘क्वोरुम’, अर्थ ‘ज्यांचा’ किंवा ‘ज्यांपैकी’. स्त्रीलिंगी रूप ‘क्वारुम’. मूळ शब्द नाम नसल्याने ‘डेटम’चे ‘डेटा’ होते तसे ‘कोरम’चे ‘कोरा’ होत नाही. इंग्रजीत ‘कोरम्स’ म्हणतात. विशेष म्हणजे लॅटिन ‘क्वी’ आणि आपल्या ‘कोण’मागचा संस्कृत ‘कः’ यांचे भाषिक मूळ एकच आहे.

सभेशी संबंध कसा जुळला?

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये स्थानिक न्यायाधीश नेमण्याचे फर्मान लॅटिनमध्ये निघे. काही जणांची नावे घेऊन ‘ज्यांपैकी तुम्ही एक असावे’ अशी अट त्यात असे. म्हणजेच त्यांच्याशिवाय कामकाज चालत नसे. या अटीचा पहिला शब्द ‘क्वोरुम’. पुढे त्याचा अर्थ ‘किमान उपस्थिती’ असा झाला.

ग्रामसभेसाठी नियम काय?

एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यापैकी जी संख्या कमी असेल ती. म्हणजे ५०० मतदारांच्या गावात ७५ जण पुरतात. २,००० मतदारांच्या गावात १००. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेणेही बंधनकारक आहे. तुलनेसाठी, २८८ सदस्यांच्या विधानसभेत एक दशांश, म्हणजे २९ आमदार लागतात.

कोरम भरला नाही तर?

सभा तहकूब होते. खरी मेख पुढे आहे : तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा कोरमची अट नसते. पहिल्या सभेला ९० जण आले म्हणून थांबलेला विषय दुसऱ्या सभेत २० जणांसमोरही मंजूर होऊ शकतो. घरकुलासारख्या योजनांचे लाभार्थी आणि गावाचा विकास आराखडा ग्रामसभेतच ठरतो. त्यामुळे ‘कोरम नव्हता, काही झाले नाही’ असे समजून दुसऱ्या सभेकडे पाठ फिरवणे महागात पडू शकते.

ग्रामस्थांनी काय करावे?

सभेची नोटीस आणि विषयपत्रिका वाचावी. सभा तहकूब झाल्यास पुढची तारीख तिथेच विचारून घ्यावी. ‘ज्यांपैकी’ हा शब्दाचा मूळ अर्थ. निर्णय घेणारे कोणांपैकी असतील, हे शेवटी कोण हजर राहतो यावरच ठरते.