बाळंतपण घरी की इस्पितळात?

रेल्वेचे इस्पितळ विभागाच्या ठिकाणी, आणि कामगाराची बायको पहिल्या बाळंतपणाला खेड्यातल्या माहेरी. अशा वेळी काही घरांत अजून वाद होतो. म्हातारी माणसे म्हणतात, सुईण आहे, इस्पितळ कशाला?

त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. सुईण रात्रभर उशाशी बसते, धीर देते. इस्पितळात मात्र पुष्कळदा बोलणी खावी लागतात आणि घरचे माणूस दाराबाहेर उभे. शिवाय सिझेरियनची धास्ती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खासगी दवाखान्यांतील सुमारे ४७ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली. सरकारी दवाखान्यांत हेच प्रमाण सुमारे १४ टक्के होते.

परंतु बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेना, तर सुईणीचा अनुभव पुरत नाही. इंजेक्शन, रक्त आणि डॉक्टर तात्काळ लागतो. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे : बाळंतपण इस्पितळातच व्हावे.

मात्र नुसत्या उपदेशाने भागणार नाही. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त आणि जाण्यायेण्याचे वाहन मोफत आहे. ते हक्काने मागा. केंद्र सरकारच्या नियमित पुरुष कर्मचाऱ्याला दोन अपत्यांपर्यंत १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. बदली माणूस नाही या सबबीवर ती अडवू देऊ नका.

प्रशिक्षित प्रसविका परिचारिका नेमण्याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने २०१८ मध्ये काढली. रेल्वेच्या प्रत्येक इस्पितळात अशा परिचारिका असाव्यात आणि बाळंतिणीजवळ घरची एक बाई राहू द्यावी, ही मागणी प्रत्येक शाखेने लावून धरावी.