रानसफरचंद : एका जुन्या ऋणाची परतफेड

बाजारातून आणलेले सफरचंद कापताना त्याच्या गोडीचे श्रेय आपण बागायतदारास देतो. वस्तुतः या गोडीचा पहिला शोध माणसाने लावलेला नाही. सफरचंदाचे मूळ घर मध्य आशियातील त्यान-शान पर्वताच्या उतारांवर, आजच्या कझाकस्तानात आहे. तेथील अल्माटी शहराच्या ‘अल्मा-अता’ या जुन्या नावाचा अर्थ ‘सफरचंदांचा पिता’ असा सांगितला जातो. १९२९ साली निकोलाय वाविलोव या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने ही राने पाहिली आणि हीच सफरचंदाची जन्मभूमी, असे मत मांडले. पुढे जनुकीय अभ्यासानेही त्यास पुष्टी दिली. त्या रानातील अस्वले मोठी व गोड फळे निवडून खात आणि त्यांच्या विष्ठेतून बिया दूरवर पसरत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या या निवडीतूनच फळ मोठे व गोड होत गेले, असे काही अभ्यासक मानतात. तसे असेल, तर आपल्या फळांच्या परडीवर वन्य जीवांचे जुने देणे आहे.

हे देणे फेडण्याचा एक मार्ग अमेरिकेत व युरोपात अनेक जण अनुसरतात. घरामागच्या मोकळ्या जागेत किंवा शेताच्या बांधावर रानसफरचंदाची झाडे ते केवळ पशुपक्ष्यांसाठी लावतात. ज्या सफरचंदाचे फळ सुमारे पाच सेंटिमीटरपेक्षा लहान, त्याला तिकडे ‘क्रॅबॲपल’ म्हणतात. माणसाच्या जिभेला ते आंबट-तुरट लागते. परंतु वसंतात त्याचा बहर मधमाश्यांना पोसतो आणि त्याची काही फळे हिवाळाभर फांदीवर टिकतात. थंडीच्या कडाक्याने ती मऊ पडतात आणि जमीन बर्फाखाली गेलेली असताना रॉबिन, वॅक्सविंग यांसारख्या पक्ष्यांच्या उपयोगी येतात.

लागवडीचे दोन मार्ग आहेत. पहिला बियांचा. बी ओलसर वाळूत घालून दोन-तीन महिने फ्रिजच्या थंडाव्यात ठेवावे लागते. हिवाळा उलटल्याची खूण पटल्याशिवाय ते रुजत नाही. मात्र फूल फळण्यास बहुधा दुसऱ्या झाडाचे पराग लागत असल्याने प्रत्येक बी ही नवी सोडत असते. आईसारखे फळ मिळेलच असे नाही, आणि पहिल्या फळासाठी सहा ते दहा वर्षे थांबावे लागते.

दुसरा मार्ग कलमाचा. आपल्याकडे गावठी कोयीवर हापूस बांधतात, तत्त्व तेच. ऐन हिवाळ्यात, झाड निद्रिस्त असताना, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या कापून थंड व ओलसर जागी ठेवतात. वसंताच्या आरंभी खुंट व काडी दोन्हींना लांब तिरके काप देतात, त्यांत जिभेसारखी खाच पाडून एकमेकांत बसवतात आणि घट्ट बांधतात. सालीखालचा हिरवट थर दोन्हीकडचा एकमेकांस भिडला पाहिजे. सारे यश त्यावर आहे. येथे खुंटाची निवड महत्त्वाची. व्यापारी बागेतील बुटके खुंट लवकर फळतात, पण आयुष्यभर आधार व निगराणी मागतात. रानात सोडायच्या झाडास बियांपासून वाढलेला जोमदार खुंटच हवा. रशियातील ‘अँतोनोव्का’ जातीची रोपे यासाठी प्रसिद्ध आहेत. सशांनी व उंदरांनी साल कुरतडू नये म्हणून बुंध्याभोवती बारीक जाळी आणि शेंडा हरणाच्या तोंडापलीकडे जाईपर्यंत उंच कुंपण, एवढे संरक्षण मात्र द्यावेच लागते.

अमेरिकेच्या लोककथांत ‘जॉनी ॲपलसीड’ म्हणून अमर झालेला जॉन चॅपमन (१७७४–१८४५) ओहायो-इंडियानाच्या परिसरात बियांचीच रोपे लावीत फिरला. कलम करणे म्हणजे झाडास इजा, असे तो मानी, अशी त्याची आख्यायिका आहे. वनस्पतीत जीव मानणाऱ्या आपल्या वाचकांस हा माणूस परका वाटणार नाही. शास्त्रार्थाचा निर्णय मुनिमहाराजांनी द्यावा. गृहस्थाच्या बुद्धीस मला इतकेच वाटते की, आवश्यक तेवढीच काडी, योग्य ऋतूत, जयणेने घ्यावी. आणि जागा असेल तर काही झाडे बियांचीही असू द्यावीत. कलमाने खात्री मिळते, बियांनी वैविध्य टिकते. त्यान-शानमधील मूळ राने वस्ती व बागायतीमुळे आक्रसत असताना हे वैविध्य क्षुल्लक मानता येणार नाही.

याहून अवघड प्रश्न दुसराच आहे. तिकडील कित्येक रोपवाटिका ‘वन्यजीवांसाठी’ म्हणून जी सफरचंदाची रोपे विकतात, त्यांचे बरेचसे ग्राहक शिकारी असतात. शरद ऋतूत फळे गळू लागली की हरणे येतात, आणि झाडाच्या टप्प्यात मचाण बांधलेले असते. रोप, कलम व कुंपण तेच. अन्नदान आणि आमिष यांतील अंतर केवळ लावणाऱ्याच्या भावात उरते. बँकेत आम्ही कर्जाचा हेतू विचारीत असू, कारण रक्कम तीच असली तरी विनियोगाने तिचा अर्थ बदलतो. झाडासही हा नियम लागू पडतो.

म्हणून अमेरिकेत व कॅनडात स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांस एक विनंती. आपल्या प्रदेशातील देशी जात निवडा, जवळपास ज्युनिपरची झुडपे असल्यास तांबेरा रोगास न बधणारे वाण घ्या, आणि जेथे बंदूक पोहोचत नाही अशा जागी झाड लावा. महाराष्ट्रातील बहुतेक भागांत या झाडास लागणारी थंडी मिळत नाही. पण येथे उंबर व जांभूळ तेच काम करतात.

साठी ओलांडलेल्या माणसाने दहा वर्षांनी फळणारे झाड लावावे का, असे मला विचारले जाते. अवश्य लावावे. त्याच्या फळांवर आपला हक्क नसेल, हे लावतानाच ठाऊक असते. हिशेब तेथेच चुकता होतो.