‘मग शुभेच्छा का दिल्या होत्यास?’



या महिन्याचा विषय नाजूक आहे. हे मासिक घरात सगळेच वाचतात. अम्मी-अब्बा वाचतात, कॉलेजला जाणारी मुले वाचतात, चष्मा पुसत पुसत नानीही वाचतात. अशा मासिकात अमेरिकेतल्या एका बड्या कलाकारावरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या खटल्याविषयी लिहावे का, असा विचार बरेच दिवस मनात होता. शेवटी लिहायचे ठरवले. कारण त्या खटल्यात एका साक्षीदार बाईला वकिलाने जो प्रश्न विचारला, तोच प्रश्न मी स्वतः एकदा माझ्या एका विद्यार्थिनीला विचारला होता. घाण तपशील इथे येणार नाहीत. त्यांची गरजही नाही.

आधी खटला काय होता ते थोडक्यात सांगते. शॉन कोम्ब्स हे नाव आपल्या घरातल्या मोठ्यांना माहीत नसेल, पण मुलांना ‘डिडी’ किंवा ‘पफ डॅडी’ म्हटले की लगेच कळेल. रॅप संगीतातला हा फार मोठा माणूस. स्वतःची संगीत कंपनी, कपड्यांचा ब्रँड, खासगी विमान, हाताखाली नोकरांचा ताफा. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याची पूर्वीची मैत्रीण, गायिका कॅसी व्हेंचुरा हिने त्याच्यावर मारहाण आणि अत्याचाराचा दावा लावला. तो दावा एका दिवसात मिटवला गेला, पण गोष्ट तिथे थांबली नाही. मे २०२४ मध्ये एका हॉटेलच्या कॅमेऱ्यातले २०१६ सालचे चित्रण टीव्हीवर आले. त्यात तो तिला लाथा मारताना आणि फरफटत नेताना जगाने पाहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याला न्यूयॉर्कमध्ये अटक झाली आणि मे २०२५ मध्ये मॅनहॅटनच्या फेडरल न्यायालयात खटला उभा राहिला. न्यायाधीश होते अरुण सुब्रमण्यन, भारतातून तिकडे गेलेल्या आईवडिलांचे चिरंजीव. फैसला करायला बारा सामान्य नागरिकांची ज्युरी, आठ पुरुष आणि चार स्त्रिया.

मुख्य आरोप होता लैंगिक शोषणासाठी तस्करीचा. तस्करी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ट्रकमध्ये कोंबलेल्या मुली येतात. कायद्याचा अर्थ त्याहून मोठा आहे. जबरदस्तीने, धाकाने किंवा फसवून एखाद्या व्यक्तीला देहविक्रीच्या कामात लोटणे म्हणजे तस्करी. त्यासाठी सरहद्द ओलांडावी लागत नाही. ती व्यक्ती आलिशान हॉटेलात राहत असली आणि अंगावर महागडे कपडे असले, तरी हा गुन्हा होऊ शकतो. दुसरा मोठा आरोप असा होता की, कोम्ब्सने आपल्या पदरच्या माणसांच्या मदतीने हा सारा कारभार एखाद्या टोळीसारखा चालवला. म्हणूनच त्याच्याकडे पूर्वी काम केलेल्या मदतनिसांची साक्ष फार महत्त्वाची ठरली.

हे मदतनीस म्हणजे कोण? वीस-पंचवीस वर्षांची, शिकलेली, हुशार, संगीताच्या किंवा सिनेमाच्या दुनियेत काहीतरी करून दाखवायचे स्वप्न घेऊन आलेली मुले-मुली. साहेबाचा फोन उचलणे, औषधे आणणे, सामान भरणे, हॉटेलची खोली तयार ठेवणे आणि नंतर ती आवरणे, अशी त्यांची कामे. एका स्त्री मदतनिसाने सांगितले की, २००४ मध्ये ती कामावर नवी असतानाच काही दागिने हरवले, आणि तिला पाच दिवस खोटे पकडणाऱ्या यंत्रासमोर बसवून धमकावले गेले. तीच बाई पुढे अनेक वर्षे त्या माणसाकडे राबली. बाहेर पडल्यानंतर पुन्हा त्याच वर्तुळात कामाला परतलीही.

सगळ्यांत जास्त चर्चा झाली ती ‘मिया’ची. हे तिचे खरे नाव नाही. ओळख लपवण्यासाठी न्यायालयात ती याच नावाने बोलली. २००९ ते २०१७ या काळात ती कोम्ब्सकडे होती, आधी खासगी मदतनीस म्हणून, नंतर त्याच्या सिनेमाच्या कामात. मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला तीन दिवस ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसली. तिने सांगितले की, दिवस दिवस झोप मिळत नसे. त्याच्या घरी राहताना परवानगीशिवाय बाहेर जाता येत नसे. झोपायच्या खोलीला आतून कडी लावायची मुभा नव्हती. राग आला की तो हाताला लागेल ते फेकून मारी. आणि कामाला लागून काही महिनेच झाले असताना त्याने तिच्यावर हात टाकला, पुढेही टाकला. हे तिने वर्षानुवर्षे कुणालाही सांगितले नव्हते. आपल्याबरोबर कबरीत न्यायचे, असेच ठरवले होते.

मग कोम्ब्सचे वकील उठले. त्यांच्या हातात मियाच्या जुन्या इन्स्टाग्रामचे फोटो होते. साहेबाला वाढदिवसाच्या शुभेच्छा, त्याचे कौतुक, त्याच्याबरोबर हसरे चेहरे. एकेक फोटो दाखवत वकिलांनी विचारले त्याचा मथितार्थ असा: या माणसाने तुमच्यावर अत्याचार केला म्हणता, मग त्यालाच या गोड शुभेच्छा का?

मियाने उत्तर दिले की, तिथे आपण आपले आयुष्य किती छान आहे हेच दाखवतो, ते खरे नसले तरी. त्या माणसाला खूश ठेवणे हेच तिचे काम होते. तो खूश तर दिवस बरा, नाही तर सगळ्यांचे हाल. सरकारी पक्षाने बोलावलेल्या मानसशास्त्रज्ञ डॉ. डॉन ह्यूज यांनीही ज्युरीला समजावले की, अत्याचार सोसणारी माणसे त्या नात्यात टिकून राहतात, जुलमी माणसावर त्यांची मायाही असू शकते, आणि अनेक जण वर्षानुवर्षे तोंड उघडत नाहीत.

ही बातमी वाचली तेव्हा माझा हात थांबला. मला आठवली माझी विद्यार्थिनी.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बारावीनंतर कॉम्प्युटरचा कोर्स करून ती एका खासगी ऑफिसात साहेबांची असिस्टंट म्हणून लागली. पहिल्या पगारातून माझ्यासाठी पेढे घेऊन आली होती. सहा-सात महिन्यांनी तिची अम्मी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “टीचर, तुम्हीच समजवा हिला. कामावर जात नाही म्हणते. कारण विचारलं तर रडते, बोलत नाही.” मी मुलीला घरी बोलावले. चहा दिला. खूप वेळाने ती खाली बघत एवढेच म्हणाली, “साहेब चांगले नाहीत, टीचर.”

आणि मी काय विचारले असेल? मी म्हटले, “अगं, पण गेल्या आठवड्यात तर तू त्यांच्या वाढदिवसाचं स्टेटस ठेवलं होतंस. ‘बेस्ट बॉस’ म्हणून. मग शुभेच्छा का दिल्या होत्यास?”

ती गप्प झाली. चहा तसाच राहिला. मी वर चार शब्द उपदेशाचे सुनावले. नोकरी सोपी नसते, थोडे जमवून घ्यावे लागते, वगैरे. ती “जी टीचर” म्हणून उठून गेली. पुढे तिने ती नोकरी सोडली. घरच्यांनी “बाहेरची नोकरी पुरे” म्हणून तिचे पुढचे शिक्षणही थांबवले.

मियाची साक्ष वाचल्यावर मी तिला फोन केला. आज ती दुसऱ्या गावात आहे, दोन मुलांची आई आहे, घरी लहान मुलांच्या शिकवण्या घेते. मी तिची माफी मागितली. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “टीचर, तिथे सगळेच स्टेटस ठेवायचे. नाही ठेवलं तर दुसऱ्या दिवशी साहेब विचारायचे, आमचा वाढदिवस विसरलात का? आणि मग संध्याकाळी मलाच थांबवून ठेवायचे.” आणखी एक वाक्य ती बोलली, ते माझ्या मनातून जात नाही: “तुम्ही तसं विचारलंत ना, तेव्हा मला वाटलं चूक माझीच असेल.” तिच्या परवानगीनेच मी हे लिहिते आहे.

वकिलांनी मियाला तो प्रश्न विचारला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आरोपीला आपला बचाव करण्याचा हक्क आहे, आणि साक्ष पारखून घेणे हे न्यायालयाचे काम आहे. कुणाच्या नुसत्या बोलण्यावर दुसऱ्याला तुरुंगात टाकता येत नाही. पण तो वकील होता. मी टीचर होते. मुलगी माझ्या घरी फैसला मागायला आली नव्हती. तिला फक्त पूर्ण वाक्य बोलून घ्यायचे होते, आणि मी ते अर्ध्यातच तोडले.

खटल्याचा शेवटही सांगायला हवा. ३४ साक्षीदार झाले. कोम्ब्स स्वतः साक्षीला उभा राहिला नाही. मारहाण झाली हे त्याच्या वकिलांनी नाकारले नाही, पण बाकी सारे दोघांच्या राजीखुशीचे होते, असे त्यांचे म्हणणे होते. मियाचे आरोपही त्यांनी खोटे ठरवले. २ जुलै २०२५ रोजी ज्युरीने त्याला तस्करीच्या आणि टोळी चालवल्याच्या आरोपांतून मुक्त केले. देहविक्रीसाठी माणसांची ने-आण केल्याच्या दोन गुन्ह्यांत मात्र दोषी धरले. ऑक्टोबरमध्ये चार वर्षे दोन महिने कैद आणि पाच लाख डॉलर दंड अशी शिक्षा झाली. शिक्षेच्या दिवशी मियाही न्यायालयात बोलणार होती. तिच्यावर बचाव पक्षाने पुन्हा कडक टीका केली आणि ती बोलायला आली नाही.

म्हणजे साक्ष देऊन मियाला हवे ते मिळाले, असेही नाही. मी वर्गात मुलांना शब्दांची मुळे सांगते. मराठी ‘साक्ष’ या शब्दात डोळा आहे, ‘अक्ष’. म्हणजे डोळ्यांनी पाहिलेले सांगणे. उर्दूत आपण गवाही म्हणतो, आणि शहादतही म्हणतो. जिवावर उदार होण्यालाही शहादत आणि साक्ष देण्यालाही शहादत. हे दोन अर्थ एकाच शब्दात का राहतात, हे मुलांना समजावताना मला इतकी वर्षे जड जायचे. आता जाणार नाही.

आपल्या घरांतली मुलगी गप्प का राहते, याचे कारण बहुतेक वेळा ऑफिसात नसते, घरात असते. तिला ठाऊक असते की, सांगितले तर पहिली शिक्षा तिलाच होईल. उद्यापासून घरी बस. मोबाइल इकडे दे. स्थळ बघायला सुरुवात करा. जुलूम दुसऱ्याने केला आणि दार हिचे बंद झाले. मग ती हसते, स्टेटस ठेवते, आणि रोज वेळेवर कामाला जाते. मुलग्यांचेही हेच असते. त्यांना तर बोलायचीच लाज वाटते.

म्हणून आई-वडिलांना एवढीच विनंती. मूल असे काही बोलले तर आधी ऐका. ‘का’ने सुरू होणारे प्रश्न त्या दिवशी नकोत. “तेव्हाच का नाही सांगितलंस”, “तिथे का थांबलीस”, हे तर नकोच. “बरं झालं सांगितलंस” एवढे म्हणा. आणि शिक्षण किंवा नोकरी बंद होणार नाही, हे त्याच बैठकीत सांगून टाका.

उशीर न करण्याचे एक कारण कायद्यातही आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध आपल्याकडे २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा त्याहून जास्त माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती असावीच लागते. त्याहून लहान दुकान, दवाखाना, ऑफिस असेल, किंवा मालकाविरुद्धच तक्रार असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. घरकाम करणाऱ्या बायकांनाही हा कायदा लागू आहे. तक्रार लेखी द्यायची असते आणि शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. तक्रार करणारीचे नाव उघड करता येत नाही. कुठे जावे हे कळत नसेल तर १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा. मियाने आठ वर्षे त्या नोकरीत काढली आणि त्यानंतरही कित्येक वर्षे ती गप्प होती. आपल्या कायद्यात मुलीच्या हातात तीन महिने असतात, आणि त्यातले कितीतरी दिवस घरी कसे सांगावे या विचारातच जातात.

फोन ठेवताना माझी विद्यार्थिनी म्हणाली, तिची मुलगी आता चौथीत आहे आणि शाळेतून आली की दिवसभराचे सगळे सांगत बसते, स्वयंपाक करू देत नाही. मी म्हटले, “सांगू दे. पोळी करपली तरी चालेल.”