करार कोणी वाचला?



आपण विहारात पंचशील म्हणतो. १९५४ च्या भारत-चीन करारातील पाच तत्त्वांनाही तेच नाव मिळाले. परक्याच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायची नाही, हे त्यातले एक. बाबासाहेबांनी त्याच वर्षी राज्यसभेत या करारी पंचशीलावर टीका केली होती.

हे आठवले ते सॉलोमन बेटांमुळे. पॅसिफिक महासागरातला हा गरीब देश. नोव्हेंबर २०२१ मध्ये राजधानी होनिआरात दंगल उसळली, चिनी वस्तीतली दुकाने जळाली. एप्रिल २०२२ मध्ये तिथल्या सरकारने चीनशी सुरक्षा करार केला. बाहेर फुटलेल्या मसुद्यात होते की, सरकारने बोलावल्यास चीनचे पोलीस आणि सैनिक येऊ शकतील. ऑस्ट्रेलियाने नाराजी दाखवली. पण २००३ ते २०१७ त्याच्याच पुढाकाराने परदेशी पथक तिथे होते, हेही सांगितले पाहिजे.

आम्हाला खटकते ते वेगळेच. सही झालेला करार सरकारने जनतेपुढे ठेवलाच नाही. सावकाराच्या न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवणारे आजोबा आपल्या घराघरात होऊन गेले. इथे अंगठा उठवला सरकारने, आणि उद्या मोर्चा निघाला तर परक्या पोलिसांसमोर उभे राहायचे होनिआराच्या माणसांनी.