मूळव्याध समजून अंगावर काढताय? आतड्याची तपासणी कधी करावी, जाणून घ्या

शौचावाटे रक्त गेले की आपल्याकडे निदान घरीच होते: मूळव्याध. मेडिकलमधून मलम येते, महिने निघून जातात. अनेकदा ती मूळव्याधच असते. पण मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचीही सुरुवात अशी होऊ शकते.

मग तपासणी कधी?

त्रास नसेल तर: अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये तपासणीचे वय ५० वरून ४५ वर आणले. दरवर्षी शौचाची 'फिट' चाचणी किंवा कोलोनोस्कोपी, हे पर्याय आहेत. कोलोनोस्कोपी नॉर्मल आली तर पुढची साधारण १० वर्षांनी.

घरात कोणाला झाला असेल तर: आई, वडील किंवा भावंडाला हा कर्करोग झाला असल्यास वयाच्या ४० व्या वर्षी किंवा त्यांच्या निदानाच्या वयाआधी १० वर्षे, यापैकी जे लवकर. वडिलांना ४८ व्या वर्षी झाला, तर मुलांनी ३८ व्या वर्षी.

लक्षणे असतील तर: वय पाहू नका. रक्त जाणे, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, विनाकारण वजन घटणे, हिमोग्लोबिन कमी होणे. लगेच डॉक्टरांना दाखवा.

हा कर्करोग बहुधा पॉलिप नावाच्या छोट्या गाठीतून, अनेक वर्षांत वाढतो. कोलोनोस्कोपीत ती गाठ तिथेच काढता येते. म्हणजे आजार होण्याआधीच थांबतो.

आपल्या सरकारी तपासणी मोहिमेचा भर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर आहे. आतड्यासाठी बोलावणे येण्याची वाट पाहू नका. लाज बाजूला ठेवून आपणच विचारायला हवे.