नाल्याकाठचा प्लॉट : नियम विक्रीच्या आधी लागू द्या, घर झाल्यावर नाही

दारव्हेकर मंडळी, पोस्ट थोडी मोठी आहे, पण ज्यांना प्लॉट घ्यायचा आहे त्यांनी पूर्ण वाचा.

गावाबाहेर कोणत्याही रोडनं निघा, ले-आऊटचे दगड दिसतात. गाव वाढतंय, चांगलीच गोष्ट आहे. पण यातल्या काही जागांच्या कडेनं किंवा मधूनच नाला जातो. आपल्याकडचे लहान नाले दिवाळीनंतर आटतात. मग उरते बेशरमाची झुडपं, थोडा कचरा आणि एक खोलगट पट्टी. प्लॉट विकणारा म्हणतो, "इथून काही जात नाही भाऊ, भरणा टाकला की झालं." आणि घेणारा प्लॉट बघायला येतो तो बहुतेक उन्हाळ्यातच.

माझं म्हणणं एवढंच आहे की नाल्याची रुंदी उन्हाळ्यात मोजायची नसते.

२२ जुलै २०२३ आपण विसरलो नसू. आपल्याच जिल्ह्यात, महागाव तालुक्यातल्या आनंदनगरात अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर बोलवावी लागली. यवतमाळात वाघाडीचं पाणी वस्तीत घुसलं. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २३ सप्टेंबरला, नागपूरच्या अंबाझरी भागात काही तासांत शंभर मिलिमीटरवर पाऊस पडला आणि लोक झोपेत असताना घरं पाण्यात गेली. पुण्याचा आंबील ओढा तर नावाचाच ओढा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो असा आला की त्या पावसात पुणे शहर आणि परिसरात वीसच्या वर माणसं गेली. यातलं बरंचसं नुकसान मोठ्या नदीनं केलेलं नाही. लोक ज्याला गटार समजत होते, त्या ओढ्या-नाल्यांनी केलं.

आता कायदा काय म्हणतो ते साध्या भाषेत सांगतो.

जमीन महसूल संहिता, १९६६, कलम २० : नदी, नाला, ओढा यांचं पात्र सरकारी मालकीचं आहे. शेत कोणाचंही असो, नाला विकायचा अधिकार त्याला नाही.

डिसेंबर २०२० पासून आपल्यासारख्या नगरपरिषदांना राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, जिला लोक युडीसीपीआर म्हणतात. तिच्यात पूररेषा आहेत. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. नदी आणि निळ्या रेषेच्या मध्ये घर बांधता येत नाही. बाग, पार्किंग, उघडा भाजीबाजार असलं चालतं. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या वर घ्यावं लागतं.

ऐकायला चांगलं आहे, पण खरी गोम पुढे आहे. या रेषा जलसंपदा विभाग ठरवतो, आणि हे काम होतं ते मुख्यतः नद्यांसाठी, मोठ्या शहरांसाठी. लहान गावच्या लहान नाल्याला रेषा कोण आखून देणार? मग त्याच्यासाठी उरतं काय, तर काठापासून अंतर सोडायची अट. ते अंतर मोजायचं तर आधी काठ कुठे आहे हे माहीत पाहिजे. भरणा टाकून काठच पुढे सरकवला असेल, तर अंतर कागदावर बरोबर आणि जागेवर शून्य!

नियमात एक सवलतही आहे. सखल जागेत नाल्याला नीट काठ नसेल, तर नगरपरिषदेच्या परवानगीनं, पाणी येण्याची आणि जाण्याची जागा न बदलता, प्रवाह आखून घेता येतो. पण त्याचं मोजमाप करायचं असतं. आपल्याकडे मोजमाप म्हणजे सिमेंटचा दोन फुटी पाइप आणि वरून मुरूम. चार फुटी पाइप टाकला तर पाण्याला जागा दुप्पट नाही, चौपट मिळते. पैसे वाचवले कोणी आणि पाणी कोणाच्या घरात घुसणार, याचा हिशोब तुम्हीच करा.

काही जण म्हणतील, गरीब माणूस कर्ज काढून दोन खोल्या बांधतो, त्याला तुम्ही नियम सांगता? खरं आहे. म्हणूनच मी म्हणतो की नियम घर उभं राहिल्यावर लावू नका. पुण्यात २४ जून २०२१ ला, कोरोनाच्या काळात आणि ऐन पावसाळ्यात, आंबील ओढ्याकाठची घरं पाडायला सुरुवात झाली. शेवटी कोर्टाला स्थगिती द्यावी लागली. दुसरीकडे नागपुरात अंबाझरीच्या सांडव्यासमोरचा पुतळा कोणा झोपडीवाल्यानं नाही, महापालिकेनंच उभारला होता, आणि पुरानंतर त्यावरून हायकोर्टात उत्तरं द्यावी लागली. नियम वाकतो कुठे आणि मोडतो कोणावर, हे यात दिसतं. प्लॉट विकणारा पैसे घेऊन मोकळा होतो. नोटीस येते ती घर बांधणाऱ्याला.

म्हणून नगरपरिषद आणि तहसील प्रशासनाकडे माझ्या चार मागण्या आहेत :

१. भूमी अभिलेख कार्यालयाकडून गावातल्या आणि हद्दीलगतच्या नाल्यांची मोजणी करून पुढच्या पावसाळ्याआधी दोन्ही काठांवर दगड लावा.

२. नव्या ले-आऊटच्या नकाशावर नाला, त्याची रुंदी आणि सोडलेलं अंतर मीटरमध्ये लिहिलेलं असल्याशिवाय मंजुरी देऊ नका. तो नकाशा जागेवर फलकावर लावा.

३. हाच नियम सरकारी कामांनाही लावा. रस्ता, पूल, कंपाउंड, सभागृह, कोणतंही काम नाल्याचं तोंड बारीक करत असेल तर तेही चुकीचंच.

४. जे आधीपासून काठावर राहतात त्यांना पावसाळ्यात उठवू नका. आधी पर्यायी जागा द्या, मग हलवा.

आणि प्लॉट घेणाऱ्या भावा-बहिणींनो, इसार देण्याआधी तीन गोष्टी करा. गाव नकाशा काढा, त्यात नाल्याची रेघ दिसते. जुना सातबारा बघा. 'पोटखराब वर्ग ब' लिहिलं असेल तर थांबून विचारा, कारण नाला, रस्ता अशा सार्वजनिक वापराच्या जमिनी त्यात येतात. आणि ले-आऊट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा, आठपेक्षा जास्त प्लॉटचा असेल तर महारेरा नंबर मागा. 'नंतर देतो' म्हणाला तर इसारही नंतरच द्या.

शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा : "बाबा, मोठ्या पावसात पाणी कुठपर्यंत येते?" तो दाखवेल तिथपर्यंत नाला समजा.

या चार मागण्यांचं निवेदन मी मुख्याधिकाऱ्यांकडे देणार आहे. ज्यांच्या घरात पावसाळ्यात पाणी घुसतं त्यांनी वॉर्ड आणि जागा कळवा, निवेदनाला जोडतो. सही करायला मात्र स्वतः या, कारण एकट्याच्या सहीचं निवेदन फायलीत जातं आणि तिथंच राहतं.